मंडळाचा शिक्का

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. विषय निघालाच तर पाण्याचा तांब्या मागायचो, नाहीतर चपला शोधायला उठायचो. आता सत्तरी उलटली. गावात राहिलेल्यांनी हे वाचावं, बाहेर पडलेल्यांनीही वाचावं.

दोन वर्षांपूर्वी तासगावजवळचं आमचं गाव सोडून मी साताऱ्याला मुलाकडे निघालो, तेव्हा दारात टेम्पो उभा होता. लोखंडी कपाट चढवायला चौघे लागले. त्यातला एक अमोल. उजवा पाय ताठ ठेवून तो फळीवरून वर गेला आणि दोर बांधता बांधता म्हणाला, "आबा, गाव सोडू नगा म्हणून आमाला सांगायचा. आता तुमीच चालला व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. त्या कपाटाच्या खणात, माझ्या लष्करातल्या कागदांखाली, आमच्या क्रीडा मंडळाचा शिक्का होता. तो हरवलाय असं मी अमोलला सांगितलं होतं.

अमोल कबड्डी खेळायचा. त्याच्यासारखी चढाई आमच्या भागात कुणी केलेली मी पाहिली नाही. समोर सात जण असताना तो असा शिरायचा, जणू घरात पाणी प्यायला निघालाय. एकविसाव्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीच्या संघानं त्याला बोलावलं. नोकरी आणि खेळ, दोन्ही. फक्त आमच्या मंडळाचं ना हरकत पत्र हवं होतं, महिन्याच्या आत. मंडळाचा अध्यक्ष मी. सही माझी, शिक्का माझ्याकडे.

आणि यात्रा तीन आठवड्यांवर आली होती. यात्रेतली ढाल तीन वर्षं शेजारच्या गावानं नेली होती. त्यांची पोरं एसटीत आमच्या पोरांना विचारायची, "आमची ढाल पुसायला येता का रं?" पत्र दिलं की अमोल पुण्याचा झाला, मग गावाकडून उतरता येणार नाही. मी पत्र दिलं नाही.

तो रोज यायचा. "आबा, शिक्का घावला का?"

"न्हाई रं. बघतोय."

त्याचा बाप बिरू एकदा सोबत आला. त्यांचं घर मेंढपाळांचं, पूर्वेकडच्या कोरड्या भागातून येऊन स्थिरावलेलं. बिरू दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "आवं आबा, आमी दरसाल मेंढरं घिऊन भाईर पडतो. हितलं गवत संपलं की पुढं. पोराचं हितलं संपलंया. जाऊ द्या त्याला." मी त्याला गावाच्या इज्जतीवर भाषण दिलं. तेव्हा शिक्का माझ्या कोटाच्या खिशात होता. बोलताना मी वरून चाचपलं, तर तो हाताला लागत होता.

मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन फौजेत गेलो. माझ्याकडे कुणी पत्र मागितलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली होती, "जा बाबा, हितं काय हाय." त्या बाईला कळलं होतं ते मला देशभर हिंडूनही कळलं नाही.

सामना बेदाणा शेडमागच्या माळावर झाला. मैदानावर पाणी मारलं होतं, पण चैत्राच्या उन्हात दुपारपर्यंत ते फरशीसारखं झालं. शेवटच्या चढाईत तिघांनी अमोलला धरलं. त्यानं मध्यरेषेला हात लावला, पण पाय मागेच अडकला आणि अंग फिरलं. गुडघ्याचा आवाज मला मंडपात ऐकू आला. आम्ही एका गुणानं जिंकलो. त्याला जीपमधून सांगलीला नेलं आणि आम्ही गुलाल उधळत ढालीची मिरवणूक बिरूच्या दारावरून काढली. दारात त्याची आई उभी होती. तिच्या अंगणातसुद्धा गुलाल पडला.

पुण्याच्या संघानं दुसरा मुलगा घेतला. अमोल पुन्हा खेळला नाही.

पुढचं मला जास्त चीड आणतं. गावानं त्याची कथा बनवली. फ्लेक्स लागला, 'गावासाठी थांबलेला खेळाडू'. दर यात्रेला त्याला शाल आणि नारळ, आणि ते माझ्या हातून. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला आज सांगतो. तो थांबला नव्हता, त्याला मी थांबवलं. तुम्हीही भोळे नव्हता. शिक्का एवढे दिवस हरवतो कसा, हे मंडळातल्या एकानंही मला विचारलं नाही, कारण ढाल तुम्हालाही हवी होती. ती ढाल आज ग्रामपंचायतीच्या कपाटावर झाडूशेजारी पडली आहे.

मी साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. खिडकीतून किल्ला दिसतो. सकाळी पार्कात वॉकिंगला जातो, तिथं लोक विचारतात, "काका, गाव कुठलं?" मी नाव सांगतो आणि पुढं काही सांगत नाही. इतरांसाठी गाव म्हणजे शेत, देऊळ, चुलतभाऊ. माझ्यासाठी ते आता एकच माणूस आहे, ताठ पायानं फळी चढणारा. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे बेदाण्याचं शेड दिसत होतं, तो तिथं कामाला असतो. म्हणाला, "आबा, यात्रेला येताय न्हवं? शाल तुमच्याच हातनं घ्यायची सवय हाय मला." मी म्हणालो, "रेंज नाही रे," आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

टेम्पो निघाला त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. बाकीचे तिघे चहाला गेले होते. कपाटाला पाठ लावून अमोल बसला होता, मी खाली उभा होतो. शब्द तोंडात होते आणि फार नव्हते. अमोल, शिक्का हरवला नव्हता. मला माफ कर.

मी म्हणालो, "दोर जरा ताणून बांध."

त्यानं ताणून बांधला.