मुलुंडच्या खाचरातला करपा

आमची भातशेती मुलुंडला, रेल्वेच्या पूर्वेला होती. वीस वर्षांचा होईपर्यंत मी थोरल्या भावाच्या, दादाच्या मागोमाग चिखलात उभा राहून लावणी केली. पुढे शेतकीचा कोर्स केला आणि सरकारी खात्यात शेतकी सहायक झालो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा तेव्हा मोठा बोलबाला होता. ओळीत लावणी, जास्त खत, दुप्पट पीक. गावोगाव हेच सांगत फिरणं माझं काम होतं.

आमच्या गावात कोणी तयार होईना. शेवटी मी दादालाच गळ घातली. त्याने केलं, म्हणून शेजारच्या सहाजणांनी केलं. दोरी धरून मी स्वतः ओळी आखून दिल्या. श्रावणात भात असं हिरवं काळंभोर दिसत होतं, की लोक बांधावर थांबून बघत.

भादव्यात दादा माझ्या ऑफिसात आला. रुमालातून त्याने चार पाती काढली. त्यांवर राखाडी, डोळ्यांसारखे ठिपके होते. करपा रोग.

"औषध असेल ना तुमच्याकडे?"

"आहे. उद्या पंप घेऊन येतो," मी म्हणालो.

औषध म्हणून मोरचूद होतं, पण फवारणीचा पंप एकच, आणि तो खात्याच्या शेतकी प्रदर्शनात मांडलेला. प्रदर्शन संपेपर्यंत मिळणार नाही, असं वरून कळलं. मी पाच दिवस साहेबांच्या दारात उभा होतो. सहाव्या दिवशी मी नि दादा बादलीत चुना आणि मोरचूद कालवून केरसुणीने पिकावर शिंपडत सुटलो. हात हिरवेनिळे झाले, सोलपटले. चार दिवस ते केलं. मग लोंब्या बाहेर पडल्या त्या पांढऱ्या, पोकळ. दादाने एक चोळून तळहात माझ्यापुढे धरला. नुसता भुसा होता.

साहेबांनी अहवाल मागितला. "शेतकऱ्यांनी सूचनेपेक्षा जास्त खत टाकलं, असं लिहा."

"साहेब, खत मीच मोजून दिलंय."

"मग तुमची नोकरी जाईल. पंपाचा विषय कागदावर येता कामा नये."

घरी बायको बाळंतीण होती. मी लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्याच दिवशी दादाला सांगितलं, कारण त्याला ते बाहेरून कळावं हे मला सोसलं नसतं. तो करपलेलं भात उपटत होता. बराच वेळ उपटतच राहिला.

"सरकारचा माणूस म्हणून मी तुझं ऐकलं नव्हतं रे," तो म्हणाला. "माझा भाऊ म्हणून ऐकलं."

पुढल्या वर्षी त्याने खाचर पडीक टाकलं आणि भांडुपच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला. त्या सहाजणांपैकी एकही माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मी मात्र बढत्या घेत अधिकारी झालो. निवृत्तीच्या समारंभाला दादा आला होता. शेवटच्या रांगेत बसला, आणि माझं भाषण सुरू होण्याआधीच उठून गेला.