नानाकाकांचं मत

दुकानात पाऊल टाकलं की नानाकाका आधी नावानं हाक मारत, मग काय हवं ते विचारत. मराठी असो, मेक्सिकन असो की हॅटवाला टेक्सन शेतकरी, एकदा आलेल्या माणसाचं नाव ते विसरत नसत. टेक्सासमध्ये प्लेनो शहराच्या उत्तरेला एका लहान गावात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. मी नोकरीत नवा, एकटा. शनिवारी जेवायला काका-काकूंकडेच असे.

गावाच्या नळाला उग्र वासाचं, गढूळ पाणी येऊ लागलं. ते नदीतून येई आणि नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना होता. काकांनी त्या पाण्याची बाटली गल्ल्यापाशी ठेवली. "हे पाणी मी गिऱ्हाइकाला पाजणार नाही. मग गप्प कसा बसू?" एवढंच ते म्हणत. त्याच जोरावर लोकांनी त्यांना आधी गावाच्या कौन्सिलवर आणि मग राज्याच्या विधानसभेत पाठवलं.

कारखाना वाढवायचं विधेयक आलं. काका उघड विरोधात उभे राहिले. त्या आठवड्यापासून दुकानातला फोन वाजायचा. उचलला की पलीकडे नुसता श्वास.

"नेटवर्क खराब असेल," मी म्हणालो. काका हसले नाहीत.

एका दुपारी मी तिथे असतानाच एक नीटनेटका, उंच माणूस आला. घेतलं काहीच नाही. काकूंना अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोज तलावाकाठच्या रस्त्यानं एकट्याच ड्राइव्ह करता ना? जपून जा. तिथं कठडा नाही." आणि दार हळूच लोटून गेला.

पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, "यात धमकी कुठे आहे?"

मतदान मी आणि काकूंनी दुकानातच, माझ्या फोनवर पाहिलं. सभागृहातल्या फलकावर काकांच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. बाजूनं! काकूंनी फोन पालथा ठेवला. विधेयक मंजूर झालं.

काका परतल्यावर मी तावातावानं विचारलं, "काका, का?"

"मला धमकावलं असतं तर उभा राहिलो असतो रे. हिला कसं पणाला लावू?"

गावाला हे सांगता येईना. गिऱ्हाईक आटलं. नावानं हाक मारली तरी लोक मान वळवेनात. काकांनी पुढची निवडणूक लढवली नाही. दुकान विकून दोघं दूर, दुसऱ्या राज्यात, रेडमंडला मुलीकडे गेली.

मध्यंतरी भेटायला गेलो होतो. कशावरून तरी विषय निघाला आणि नातीनं विचारलं, "आजोबा, वेअर यू रिअली अ पॉलिटिशियन?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," काका म्हणाले. "माझं दुकान होतं."