शेठच्या ताटातली बुरशी

लोकांच्या लॉनची देखभाल करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. मालक मुंबईत नाहीतर आखातात, आणि बागेत आम्ही दोघं! मी पेणचा, माझे जोडीदार वसंतदादा धरमतरकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. पण रोह्याला ज्यांना सगळी आळी खाला, म्हणजे मावशी म्हणते, त्यांच्या लॉनचे किस्से सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

पहिल्याच दिवशी लॉनवर ताटाएवढे पिवळे डाग, आणि दवात पांढरी जाळी. बुरशीच! मी पावडरची पुडी फोडणार, तेवढ्यात खाला म्हणाल्या, "शेठला विचारलंस?"

मला वाटलं, यांचे मिस्टर असतील. तर कुंडीमागून अठरा किलोचं कासव आलं! आफ्रिकी जातीचं, रीतसर नोंद केलेलं. आलं आणि डागाशेजारचं गवत कराकरा खायला लागलं.

"आमचे हे गेले, हा त्यांनी आणलेला. घरात आता आमी दोघंच. हे गवत त्याचं जेवण हाय, पोरा. तुझ्या ताटात मारशील ही पावडर?"

पुडी खिशात गेली.

*

पेणला शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं बाटली काढली. "एकदम सेफ!"

"ते गवत कासव खातं हो."

"मग नाय सेफ."

"गाय खाते असं धरा."

"तरी नाय."

"अहो, मग सेफ आहे कुणाला?"

बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत तो म्हणाला, "झाकण लावलेलं असेपर्यंत सगळ्यांना!"

*

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "औषध नकोच. संध्याकाळचं पाणी बंद करा, मेलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढा, हवा खेळू द्या. तोवर शेठ लॉनबाहेर."

"संध्याकाळी पाणी कोण घालतं?" फोन ठेवून मी खालांना विचारलं.

खालांनी ओढणी सावरली. दादांना राहवलं नाही. "म्हंजे बुरशी तुमीच पाळली, खाला!"

दोन दिवस आम्हाला चहा मिळाला नाही.

*

शेठला लॉनबाहेर ठेवायला विटांचं कुंपण केलं. पलीकडे जास्वंदीचं लाल फूल दिसलं, आणि शेठनं डोक्यानं विटा ढकलल्या. दुहेरी थर लावला. तोही ढकलला!

दादा म्हणाले, "हा शेठ नाय, जेसीबी हाय!"

*

पंधरवड्यात डाग कमी झाले. पण खालांच्या कतारमधल्या मुलाला धीर नव्हता. ईदला घरी येण्याआधी लॉन हिरवंगार हवं म्हणून त्यानं फोनवरून दुसराच माणूस लावला आणि फाटकाजवळची पट्टी फवारून घेतली. आम्ही पोचलो तेव्हा गवत औषधानं ओलं होतं.

दादांनी लगेच काठीला लाल फडकं बांधून पट्टीत रोवलं. त्यांच्या गावात फवारलेल्या जागी असं फडकं दिसलं की कुणी गुरं सोडत नाही. आम्ही पट्टी धुवायला पाइप आणायला मागे गेलो. परत येतो तर विटा आडव्या, आणि शेठ पट्टीत मधोमध! तोंडात फडक्याचं टोक, त्याबरोबर गवतही.

"फूल समजला तो," खाला एवढंच म्हणाल्या. दादांचं तोंड पांढरं पडलं.

शेठला टबात धुतलं, टेम्पोत घातलं. वाटेत कासूजवळ ट्रॅफिक! खालांच्या मांडीवर शेठ, मान आत. पेणला डॉक्टरांनी तपासलं, औषध पाजलं आणि म्हणाले, "पोट साफ झालं तर वाचला. वाट बघा."

दोन दिवस शेठ जागचा हलला नाही. दादांच्या बायकोचा मला फोन आला, हे जेवत नाहीत, नुसत्या चहावर आहेत. मला तर दोघांची काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर असताना खालांचा फोन. उचलला, तर खाला आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "शेठ हगला रे पोरा! हगला! फोटो टाकलाय, बघ!"

मी फोटो दादांसमोर धरला. ते फोनवर वाकले.

"जरा मोठा कर."

केला.

"आजून मोठा कर."

मग टॉवेलानं डोळे पुसत म्हणाले, "माझ्या घरी फोन लाव. म्हनावं, भात टाक."