बायजाबाईचे अनवाणी पाय

बायजाबाई चपला घालत नाही. उन्हाळ्यात शहापूरचा डांबरी रस्ता पाय भाजून काढतो, तरी नाही. डोक्यावर मातीचं घमेलं आणि पाय उघडे. मी यादोराव, तिच्या टोळीचा मुकादम. ते पाय मला रोज बघावे लागतात आणि खरं सांगतो, मला ते बघवत नाहीत.

सध्या आम्ही शहापुरात गटाराच्या पाइपसाठी चर खोदतोय. चिखलात घसरू नये म्हणून खाली उतरणारे गडी चपला वर काढून ठेवतात. ही बाई त्या उचलून दूर निंबाखाली रांगेत लावते. दिवसातून दहा वेळा जोड मोजते, मग खालची डोकी मोजते. मेळ बसला नाही तर काम होऊ देत नाही. आमचे इंजिनिअर भूपेंद्र साहेब, पंचवीस वर्षांचं पोरगं, एकदा म्हणाले, "बाई, मंदिरासमोर चपला सांभाळायला बसा, चांगलं चालेल." सगळे हसले. मीही हसलो. निर्लज्जच माणूस मी.

चार वर्षांपूर्वी तुमसरला, एका राइस मिलच्या मागे, आमचा आठ फूट खोल चर होता. काळी माती, उपसलेला ढीग अगदी काठावर, भिंतींना आधाराला ना फळी ना बल्ली. मला हे सगळं दिसत होतं आणि मी सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलो होतो. भिंत ढासळली तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. मी धावत गेलो आणि काठावर उभ्या बायजाबाईला विचारलं, "खाली किती होते?"

तिनं बाभळीखाली पाहिलं. तिथे खाली उतरलेल्यांच्या चपलांचे दोन जोड होते. "दोघं," ती म्हणाली. तिचा नवरा सुखराम मिलवर पाणी आणायला गेला असेल, असं तिला वाटलं.

दोघांना काढलं, दोघंही जिवंत. लोकांनी फावडी टाकली, कुणी पाणी प्यायलं, कुणी हात जोडले. तेवढ्यात बायजाबाईची नजर स्वतःच्या पायांवर गेली. सकाळी येताना तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता, म्हणून सुखरामनं आपल्या चपला तिला दिल्या होत्या. त्या तिच्या पायात होत्या. तो अनवाणीच चरात उतरला होता.

ती हातांनी माती उकरायला लागली. सुखराम सापडला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"माह्या मोजण्यानं मेला तो," असं ती अधूनमधून म्हणते. का कोण जाणे, मी जवळ असलो की हमखास म्हणते.

परवा पावसानं शहापुरातल्या चराच्या काठाला बोटभर भेग पडली. दुपारी ती माझ्याकडे आली.

"मुकादमभाऊ, जोड चार हायेत. पण जोडावर माहा भरोसा नाही. वही काढा, नावं वाचा."

मी खिशातून हजेरीवही काढली. खाली उतरणाऱ्यांची पाच नावं होती. पाचवा अमर, गमबूट घालून उतरलेला. चराच्या वळणापलीकडे वाकून काम करत होता, वरून दिसत नव्हता. मी ओरडून सगळ्यांना वर घेतलं. साहेबांना सांगितलं, ढीग मागे सरकवा, भिंतींना फळ्या-बल्ल्या लावा, त्याशिवाय माझा एकही गडी उतरणार नाही. साहेब भयंकर चिडले. भिंत काही पडली नाही, संध्याकाळपर्यंत तशीच उभी होती.

पण वही माझ्या हातात होती आणि ती मला खिशात ठेववेना.

"बायजा," मी म्हणालो, "तुमसरलेही वही माह्या खिशातच होती. तीन नावं लिहून होती. मी पाहिलीच नाही. तुले इचारलं."

ती घमेल्यातली माती झटकत होती.

"मले मालूम हाय, भाऊ. दिसून राहिली होती खिशातून."

"मंग चार साल बोलली काहून नाही?"

"तुमी सांगान, म्हणून वाट पाहून राहिली होती."