आठवं कडवं

लाउडस्पीकरवर माझी मंगलाष्टकं चालू होती आणि मी मांडवामागं उष्ट्या पत्रावळी उचलत होते. मुहूर्त लांबला म्हणून वऱ्हाडाची पहिली पंगत आधीच उठली होती. आई माझ्या पुढं. डोक्यावर टोपलं.

पेडगावच्या मालकाच्या मुलीचं लग्न. ती दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिनंच निरोप धाडला होता, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, लिहून दे. चार दिवस बसून आठ कडवी लिहिली. वृत्त मी शाळेत शिकले. अक्षरं त्याच्या आधी, नामांतराच्या पत्रकांवर. भाऊ मोर्च्याहून आणायचा, मी वस्तीत मोठ्यानं वाचायचे. आमच्यात अक्षता-मंगलाष्टकांची लग्नं केव्हाच बंद झाली. तरी लिहिलं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. मला ते पाहिजे होतं. एकदा, अख्ख्या गावाच्या कानावर.

सातवं संपलं. मी पत्रावळ हातात धरून थांबले.

आठव्यात माझ्या नावाच्या जागी मालकाच्या मुलाचं नाव आलं. नाव लांब होतं. वृत्त मोडलं. गुरुजींनी ओढूनताणून बसवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अक्षता पडल्या. बँड वाजला.

मी तशीच, खरकट्या हातांनी, मांडवाच्या तोंडाशी गेले. मालक पाहुण्यांत उभे होते. विचारलं, मंगलाष्टकं मी लिहिली, माझं नाव का काढलं?

मालक पाहुण्यांकडं वळले. "बघा पाव्हणं. ह्यांला विद्यापीठाला नाव पायजे. आता आमच्या लेकीच्या लग्नालाबी ह्यांचंच नाव पायजे."

सगळे हसले. गुरुजीही. नवरी दहा पावलांवर होती. तिला सगळं माहीत होतं. ती हातातला चुडा फिरवत राहिली.

"लय छान लिवतीस म्हणं," मालक म्हणाले. "हिला बुंदी द्या रे. दोन मुठी जास्त."

वाढप्यानं हात उंच धरून माझ्या पदरात बुंदी सोडली. शिवाशिव नको म्हणून. निम्मी मातीत पडली.

"ती बी उचल. अन्न हाय."

आई मागून आली होती. "उचल, बाई," ती हळू म्हणाली. "आपल्याला हितंच ऱ्हायाचंय."

मी पदर झटकला. उरलेलीही मातीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून आईला मालकाच्या वावरात काम नाही. तिसऱ्या दिवसापासून कुणाच्याच नाही. आमची पायवाट मालकाच्या बांधावरून जायची. तिथं बाभळीचे काटे पडले. त्या दिवशी आईनं मला पहिल्यांदा मारलं. चुलीतल्या लाकडानं. रडत नव्हती. "तुजं नाव खायाचं का आता?" एवढंच म्हणत होती.

 

विद्यापीठाचं नाव अजून अडलेलंच आहे. मी कविता लिहिते. मागं एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. कविता चांगली आहे, आडनाव तेवढं गाळा, म्हणजे सगळ्यांना आपली वाटेल. मी कविता परत मागवली.

आता कागद घेतला की आधी वर माझं नाव लिहिते. पूर्ण. आडनावासकट, वस्तीसकट. मग पहिली ओळ. वृत्त मोडलं तर मोडू दे. नाव निघणार नाही.