काडीचे तुकडे

"ओढू नकोस! अरे, हात लावू नकोस त्या काडीला!" बायको स्वयंपाकघरातून ओरडत आली, तोवर मी ओढून मोकळा झालो होतो.

आमची तीन वर्षांची लेक भिंगरीची बांबूची काडी तोंडात धरून हॉलभर धावत होती. सतरंजीत पाय अडकला, तोंडावर पडली आणि काडी टाळूत घुसली. गंगापूर रोडवरच्या घरातून मी अशी बोंब ठोकली की पार निफाडच्या द्राक्षबागांतली पाखरं उडाली असतील. रक्त तर बादलीभर. बरं, बादली राहू द्या, दोन चमचे. पण आपल्या लेकराचे दोन चमचे.

ती रडायची थांबेना. पोर पडलं की आपण जमिनीला चापट मारतो ना, तसा मी त्या काडीवर तुटून पडलो. "कोणी लावलं बाळाला? हिनं? थांब, हिला दाखवतोच!" काडकाड मोडली आणि बाल्कनीतून खाली भिरकावली. पोर हुंदके देत बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून टाळू पाहिली आणि विचारलं, "काडी आणलीत?"

"शंभर तुकडे केले मी तिचे, मॅडम!"

"शंभर नकोत, टोकाचा एक पाहिजे. टोक अख्खं बाहेर आलं की आत राहिलं, हे आता कसं कळणार?"

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

स्कूटर दामटत घरी आलो. पार्किंगमध्ये गाड्यांखाली रांगत शोधलं. चार तुकडे सापडले. बाईंनी ते पांढऱ्या कागदावर एकापुढे एक जुळवले. काडी पूर्ण झाली, फक्त टोकाची एक बाजू नव्हती.

"ही आधीच उडाली होती, की तुम्ही मोडताना उडाली?"

कधी न घडलेल्या गोष्टी मी जन्मभर डोळ्यांदेखत घडल्यासारख्या सांगत आलोय. हे तर माझ्या हातात घडलं होतं, आणि मला सांगता येईना.

शेवटी लेकीला भूल देऊन आत नेलं. टाळूतून तांदळाएवढी कपची निघाली. एक टाका पडला. धोका टळला म्हणाल्या, पण रात्रभर इथंच ठेवू.

मी बाकावर बायकोशेजारी जाऊन बसलो. बराच वेळ शब्द जुळवले. म्हणालो, "तुझी शपथ, पुन्हा असा आततायीपणा या जन्मात करणार नाही."

"तिला पाणी कधी द्यायचं," ती म्हणाली, "ते विचारून ये."