पायरी पुसली तेव्हा

मोठ्या घरातली सून फिनेलची बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा मी अजून उठलेही नव्हते. त्यांच्या ओट्याच्या पायरीवर बसून लशीचा डबा बंद करत होते. त्याच पायरीवर माझ्याशेजारी आमच्या कातकरवाडीतली सुगंधा बसली होती. तिच्या पोराला नुकतीच सुई दिली होती, ते रडत होतं. ओलं फडकं आमच्या पायांपर्यंत आलं. सुगंधानं पाय उचलले.

मीही उचलले. माझ्या अंगावर सरकारी नर्सचा गणवेश होता.

वर ओट्यावर आरोग्य केंद्राचे नवे डॉक्टर खुर्चीत चहा पीत होते. पावसाचे दिवस. त्यांच्या बुटांचा चिखल फरशीवर दारापर्यंत उमटला होता. तो कुणी पुसला नाही. फक्त पायरी पुसली आणि बादली आत गेली.

मला राग आला नाही. काहीच वाटलं नाही. डबा उचलून गाडीत बसले.

हे आमच्या गावातलं सगळ्यात मोठं घर. मागे भातखाचरं, पुढे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. माझी आई ठकी त्यांच्या खाचरात लावणीला जायची. तिच्या ओच्यात भाकरी वरून टाकायचे.

मी शिकले, नर्स झाले, नेमणूक मागून घेतली ती इथलीच. भाजे, औंढे, डोंगरावरच्या वाड्या, यातच सगळी नोकरी सरली. अडलेल्या बाईला घेऊन लोणावळ्याला निघालं की सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांत अडकायचं. एक बाई मी रस्त्यातच मोकळी केली. फिनेलची बादली घेऊन आलेल्या त्या सुनेच्या नवऱ्यालाही पहिली लस मीच टोचली होती. सगळीकडे मी सिस्टर. या घरात ठकीची.

ओटा मोठा म्हणून गावाचं लसीकरण तिथंच व्हायचं. गावातली पोरं वर, वाडीतली खाली, शेवटी. घरातली म्हातारी दर महिन्याला सांगायची, "ठकीचे, डबा खालीच ठेव. वर लेकरं खेळत्यात."

पुढच्या महिन्यात मी डबा वाडीतल्या अंगणवाडीत नेला. डॉक्टरांना आधी सांगितलं. त्यांनी विचारलं, "सिस्टर, गावातली माणसं वाडीचा चढ चढतील?"

"लेकरं त्यांची आहेत," मी म्हटलं.

गावातल्या बायका कुरकुरत आल्या. मोठ्या घरातून कुणी आलं नाही. त्यांच्या नातवाची गोवराची लस राहिली. गावातल्या आशा सेविकेबरोबर निरोप आला, ठकीचीला म्हणावं घरी येऊन टोचून जा. मी उलट निरोप दिला, लस वाडीत मिळेल.

तो महिना जड गेला. गोवर काय करतो ते मी पाहिलेलं आहे. पोराचा यात काही दोष नव्हता. तरी मी गेले नाही.

त्यापुढच्या वेळी सून आली. कडेवर पोर, चढानं धाप लागलेली. अंगणवाडीत खुर्ची नव्हती. सतरंजीवर सुगंधा सरकली. "बसा, वहिनी." ती कडेला टेकली. पोराला लस दिली. सुगंधानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको." तिचे ओठ कोरडे पडले होते.

ती गेली. ती बसली होती ती जागा कुणी पुसली नाही.

तेव्हापासून लस वाडीतच मिळते. मनं बदलली, असं काही नाही. म्हातारी अजून मला ठकीचीच म्हणते.

आता मी निवृत्त होते आहे. गावानं सत्कार ठरवला आहे. सरपंचभाऊ शाल-नारळाचं सांगायला घरी आले. कुठं, म्हणून मी विचारलं.

"कुटं म्हंजी? त्यांच्याच वट्यावर. जागा लय हाय तितं."

"वाडीत करा."

"आता जाता जाता कशाला वाकडेपणा, बाई? तुमी समद्यांच्या."

"मी उठल्यावर ती पायरी पुसतील का, भाऊ?"

त्यांनी चंची काढली. तंबाखू मळत बसले. मग गेले.

सत्कार नाही झाला तरी चालेल. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला मी एकच गोष्ट सांगितली आहे, डबा वाडीतच उघडायचा. गावानं कितीही बोलावलं तरी त्या पायरीवर मी बसणार नाही. कुणाच्या फडक्यासाठी पाय उचलणार नाही.